फाटकावरचा जागता दिवा

५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या सिटी मार्केट परिसरात विजेचे दिवे लागले. कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून १९०२ साली सुमारे १५० किलोमीटर दूरच्या कोलार सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली होती. तीन वर्षांनी तीच वीज बंगळूरच्या रस्त्यांवर आली. रस्त्यावर विजेचा दिवा पाहणाऱ्या देशातल्या पहिल्या काही शहरांत बंगळूरचे नाव घेतले जाते.

आज त्याच शहरात तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर उभ्या असलेल्या घरांच्या रांगांतून रात्री चालत गेले, तर एक गंमत दिसते. फाटकाजवळून माणूस गेला की पोर्चमधला दिवा आपोआप पेटतो. माणूस पुढे गेला की थोड्या वेळाने विझतो. घरातले कोणी बटणाला हातही लावत नाही. हालचाल ओळखणारा हा दिवा आता पुण्या-नाशिकच्या बंगल्यांपासून बेळगावच्या वाड्यांपर्यंत सगळीकडे पोहोचला आहे. मुलगा रात्रपाळीवरून उशिरा येतो, आजीला पहाटे अंगणात उतरायचे असते, गावाला जाताना घर काळोखात ठेवायचे नसते, अशा अनेक कारणांनी तो आणला जातो.

दुकानात या दिव्याची चौकशी करताना तो किती वॅटचा आहे, किती उजेड देतो आणि किंमत काय, एवढेच बहुतेक जण विचारतात. त्याच्या मागच्या तारांविषयी फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक हा दिवा घराबाहेर, पावसात आणि बहुधा ओल्या फरशीच्या वर लागणार असतो. म्हणून तो चोराला किती घाबरवील याच्या आधी घरच्यांना तो किती सुरक्षित आहे, हे पाहायला हवे.

ओली फरशी, अनवाणी पाय

बंगळूरमध्ये पहाटे उठून दारापुढची जागा पाण्याने धुवायची आणि तिथे रांगोळी काढायची ही घरोघरची रीत आहे. मराठी घरांनाही ती परकी नाही. म्हणजे ज्या जागी हा दिवा लावायचा, त्याच्याच खाली रोज सकाळी घरातली बाई किंवा कामाला येणारी बाई ओल्या हातांनी आणि अनवाणी पायांनी उभी असते. घरात चप्पल घालून, कोरड्या लादीवर उभे राहून लागलेला विजेचा धक्का आणि इथे लागलेला धक्का यांत मोठा फरक आहे. ओली कातडी विजेला फारसा अडथळा करत नाही आणि ओली जमीन तिला सरळ वाट करून देते.

१९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात होप फार्म चौकाजवळ फुटपाथवर पडलेल्या जिवंत तारेवर पाय पडून एक तरुण आई आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी दगावली. ती तार रस्त्यावरच्या वीजवाहिनीची होती. घरातल्या दिव्याच्या तारेतला दाब तिच्या मानाने पुष्कळ कमी, म्हणजे २३० व्होल्ट असतो. पण उघड्यावरची वीज अंधारात डोळ्यांना दिसत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची असते. बंगळूरमध्ये ती कंपनी बेसकॉम असून तिच्याकडे तक्रार १९१२ या क्रमांकावर करता येते. मीटरच्या अलीकडे, घरात आणि अंगणात जे काही जोडले जाते, त्याची काळजी मात्र घरच्यांनीच घ्यायची असते.

दिवा माणूस कसा ओळखतो?

दिव्याच्या खाली पांढऱ्या प्लॅस्टिकची, खाचाखाचांची एक छोटी घुमटी असते. तिच्या आत सेन्सर असतो. माणसाच्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडत असते. ही उष्णता लाल रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने पसरते. तिलाच अवरक्त किरण म्हणतात. सेन्सर स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. समोरून येणारी उष्णता तो फक्त पाहत राहतो.

घुमटीवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी जे पायऱ्यापायऱ्यांचे भिंग तयार केले, त्याच जातीची ही बारीक भिंगे आहेत. समोरची जागा ती पंख्याच्या पात्यांसारख्या पट्ट्यांत वाटून टाकतात. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात शिरले की सेन्सरवर पडणारी उष्णता एकदम बदलते आणि दिवा पेटतो.

एवढे समजले की पुष्कळशा तक्रारींचा उलगडा होतो. सेन्सरसमोरून आडवे चालणारा माणूस लगेच ओळखला जातो, कारण तो भराभर पट्टे ओलांडतो. त्याच्याकडे सरळ चालत येणारा बराच जवळ येईपर्यंत ओळखला जात नाही. एकाच जागी स्तब्ध बसलेला माणूस त्याला दिसतच नाही. म्हणून पोर्चमध्ये गप्पा मारत बसलेल्या मंडळींवर दिवा अचानक विझतो. काच ही उष्णता अडवते, त्यामुळे खिडकीच्या आतून बाहेर तोंड करून लावलेला सेन्सर काम करत नाही.

हवेचाही संबंध येतो. सेन्सरला दिसतो तो अंगाच्या आणि आसपासच्या उष्णतेतला फरक. बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तिथल्या रात्री बहुधा थंड असतात आणि माणूस लांबूनच ओळखू येतो. नागपूर किंवा चंद्रपूरला मे महिन्यातल्या संध्याकाळी हवाच अंगाइतकी तापलेली असते. अशा वेळी खोक्यावर बारा मीटर लिहिलेला सेन्सर पाच-सहा मीटरांवर आला, तर तो बिघडला असे समजू नये.

बाजारात रडारचा, म्हणजे मायक्रोवेव्हचा सेन्सर असलेले दिवेही मिळतात. त्यांच्या लहरी काचेतून आणि पातळ भिंतीतून पलीकडे जातात. जिना किंवा बंद गॅरेजसाठी ते ठीक आहेत. पण शेजारचे घर तीन-चार फुटांवर असेल, तर शेजारी कोणी हलले तरी दिवा आपल्याकडे पेटेल. अंगणासाठी उष्णता ओळखणारा साधा सेन्सरच बरा.

जागा घरच्यांनी ठरवावी

दिवा कुठे लावायचा हे वायरमनवर सोडले, तर जिथे तार सोपी जाईल तिथे तो लावतो. त्याचा दोष नाही. घरात कोण कधी कुठून येते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याला बोलावण्यापूर्वी एकदा रात्री दिवे मालवून फाटकापासून दारापर्यंत चालून पाहावे. कुठे पायरी दिसत नाही, कुलूप उघडताना सावली कुठे पडते, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण कुठे आहे, गाडीच्या मागे काळोख किती राहतो, हे सगळे पाहून मग भिंतीवर खूण करावी.

भिंतीवरचा सेन्सर साधारण सात ते आठ फुटांवर असावा. फार खाली लावला तर हाताने फिरवला जातो, फार वर लावला तर त्याच्या पायाशी आंधळी जागा राहते. फाटकातून आत येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशा बाजूच्या भिंतीवर तो लावला, तर उत्तम. फाटकाच्या बरोबर समोर लावला तर माणूस सरळ चालत येतो आणि दिवा उशिरा पेटतो.

काही गोष्टींकडे सेन्सरचे तोंड नसावे. एसीचा बाहेरचा भाग गरम हवा सोडतो. नुकतीच येऊन उभी राहिलेली गाडी तापलेली असते. वाळत घातलेले कपडे आणि नारळाच्या झावळ्या वाऱ्याने हलतात. रस्ता समोर असेल, तर जाणारे प्रत्येक वाहन दिवा पेटवते. रात्रभर विनाकारण पेटणाऱ्या दिव्याकडे आठवड्याभरात कोणी लक्ष देत नाही आणि मग त्याचा उपयोग संपतो.

गल्लीतली कुत्री आणि मांजरे हा बंगळूरला नेहमीचा प्रश्न. त्यावर उपाय सोपा आहे. घुमटीच्या खालच्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावली की जमिनीलगतच्या हालचाली सेन्सरला कमी दिसतात. काही दिव्यांबरोबर त्यासाठी छोटे झाकण येते. ते खोक्यातच फेकून देऊ नये.

खोक्यावर काय वाचावे?

घराबाहेरच्या दिव्यावर आयपी हा शब्द आणि त्यापुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीविषयी, दुसरा पाण्याविषयी. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसणारा. तो खोल पोर्चच्या छताखाली चालेल. आयपी ६५ म्हणजे धूळ आत न जाणारा आणि पाण्याची धार सोसणारा. उघड्या भिंतीसाठी हाच घ्यावा. नुसते वॉटरप्रूफ असे लिहिलेले पुरेसे समजू नये.

उजेड किती हवा? तीस बाय चाळीसच्या घराच्या पुढच्या अंगणाला १० ते २० वॅटचा एलईडी दिवा भरपूर होतो. पन्नास वॅटचा झोत लावला तर डोळे दिपतात, झोताबाहेरची सावली आणखी गडद होते आणि नेमके तिथे उभे असलेले कोणी दिसत नाही. पिवळसर पांढऱ्या उजेडाकडे निळसर पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात. किडे कमी म्हणजे पाली कमी, आणि घुमटीवर बसलेल्या पालीने मध्यरात्री दिवा पेटण्याचे प्रसंगही कमी.

दिवा आणि सेन्सर एकाच साच्यात असलेला नग जोडायला सोपा असतो. पोर्चमध्ये पूर्वीचा दिवा असेल, तर त्याच जागी तो बसतो. एकाच सेन्सरवर दोन-तीन दिवे चालवायचे असतील, तर सेन्सर वेगळा घ्यावा. अशा सेन्सरवर साध्या बल्बसाठी आणि एलईडीसाठी वॅटचे दोन निरनिराळे आकडे असतात. एलईडीचा आकडा पुष्कळ लहान असतो, कारण एलईडी पेटताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात. तोच आकडा खरा धरावा.

घर भाड्याचे असेल आणि मालकाची तार वाढवायला परवानगी नसेल, तर सौर पट्टी आणि बॅटरी असलेला सेन्सर दिवा हा पर्याय आहे. त्याला घरातली वीज लागत नाही आणि भिंतीत तारही न्यावी लागत नाही. उजेड कमी मिळतो आणि पावसाळ्यात ढगाळ दिवस लागोपाठ आले की तो मंदावतो, एवढे धरून चालावे.

हे काम कोणाचे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार घरातला बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेच्या तसे बदलता येते. नवी तार ओढणे, नवा पॉइंट काढणे, आहे त्या वायरिंगमध्ये भर घालणे ही कामे परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यायची असतात. म्हणून जागा घरच्यांनी ठरवावी, जोडणी परवानाधारकाने करावी आणि नंतरची तपासणी घरच्यांनी त्याच्यासमोर उभे राहून करावी. भाषेची अडचण फारशी येत नाही. फेज, न्यूट्रल आणि अर्थ हे शब्द कोल्हापूरच्या वायरमनला कळतात तसे बंगळूरच्यालाही कळतात.

काम सुरू होण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. त्या भागाचा एमसीबी खाली करावा, आणि शक्यतो मेन स्विचही बंद करावा. बंगळूरमध्ये घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपले काम चोख बजावतो आणि दिव्याच्या तारांत पुन्हा वीज सोडतो. म्हणून तोही बंद करायला हवा. गच्चीवर बॅटरीसह सौर संच असेल, तर तोही. मग पॉइंटवर मीटर लावून तार मृत असल्याची खात्री करावी आणि तोवर कोणी एमसीबी वर करणार नाही असे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

लाल तारेचा घोळ

आपल्याकडच्या घरांत सर्वसाधारणपणे लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असते. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते आणि अर्थची तार बिघाडाच्या वेळी कामाला येते. आता बाजारातला वेगळा मिळणारा सेन्सर उघडावा. त्यातून बहुतेक वेळा तपकिरी, निळी आणि लाल अशा तीन तारा बाहेर येतात. तपकिरी म्हणजे येणारा फेज. निळी म्हणजे न्यूट्रल. आणि लाल म्हणजे सेन्सरमधून दिव्याकडे जाणारी तार.

घोळ इथेच होतो. घाईत असलेला माणूस घराच्या लाल तारेला सेन्सरची लाल तार जोडून मोकळा होतो. घरात फेजसाठी निळी तार वापरली असेल, तर ती सेन्सरच्या निळ्या तारेला जोडली जाण्याचाही धोका असतो. मग दिवा पेटत नाही, किंवा पेटला तर विझतच नाही, आणि नवा सेन्सर जळूही शकतो. म्हणून रंगाला रंग जोडू नये. सेन्सरवर छापलेली आकृती पाहून जोडणी करावी, आणि घरातली फेजची तार कोणती हे रंगावरून न ठरवता मोजून ठरवावे. जुन्या घरांत पूर्वीच्या कोणी हाताला येईल त्या रंगाची तार वापरलेली असू शकते.

जोडणीचा साधा क्रम असा. फेजची तार एमसीबीमधून घरातल्या बटणाकडे जाते, बटणातून सेन्सरच्या तपकिरी तारेला, आणि सेन्सरच्या लाल तारेतून दिव्याला. न्यूट्रल सेन्सरला आणि दिव्याला दोघांनाही मिळते. अर्थची तार दिव्याच्या धातूच्या अंगाला लागते. घरातले बटण नेहमी चालू ठेवायचे, दिवा साफ करताना बंद करायचे. पाहुणे आले की दिवा सतत पेटता हवा असेल, तर सेन्सरला वळसा घालून जाणारे दुसरे बटण वायरमन बसवू शकतो.

दोन चुका मुद्दाम विचारून टाळाव्यात. पहिली, बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवणे. अशा वेळी बटण बंद केले की दिवा विझतो, पण त्याच्या आत फेज जिवंतच राहतो. दिवा पुसायला चढलेल्याला तो धक्का देऊ शकतो. बटण बंद असताना एलईडी मंद मिणमिणत राहिला, तर हे जरूर तपासून घ्यावे. त्याला आणखीही कारणे असतात, पण हे कारण धोक्याचे. दुसरी चूक म्हणजे उसना न्यूट्रल. बाहेरच्या पॉइंटला न्यूट्रल सापडला नाही की शेजारच्या दुसऱ्याच सर्किटमधून तो घेतला जातो. दिवा पेटतो, पण आरसीसीबी वरचेवर पडू लागतो. मग कंटाळून कोणी तो आरसीसीबीच काढून टाकतो, आणि एका चुकीतून दुसरी मोठी चूक होते.

एमसीबी तारेचा, आरसीसीबी माणसाचा

घरात एमसीबी आहे म्हणजे धक्क्याची भीती नाही, असा पुष्कळांचा समज असतो. थोडा हिशेब करून पाहावा. २० वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ९० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. दिव्यांच्या सर्किटवरचा एमसीबी साधारण ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा असतो. माणसाच्या छातीतून त्या लहानशा दिव्याच्या निम्मा प्रवाह काही क्षण गेला तरी जीव धोक्यात येतो. एमसीबीला त्याची दखलही लागत नाही. तो तार तापून आग लागू नये यासाठी असतो.

माणसाला वाचवणारा तो आरसीसीबी. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, हे तो सतत पाहत असतो. मध्येच कुठे कोणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून ती जमिनीत गेली, की दोन्हींत फरक पडतो आणि तो क्षणार्धात वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. त्याच्यावर टी अक्षराचे एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली, तर तो जिवंत आहे. गेली नाही, तर तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.

त्याच्या जोडीला अर्थिंग हवेच. जुन्या घरांत पोर्चच्या दिव्यापर्यंत अर्थची तार नेलेली नसते, कारण त्या काळी तिथे लाकडी ठोकळ्यावरचा साधा होल्डर असे. आता तिथे ॲल्युमिनियमचा झोताचा दिवा लावायचा, तर हिरवी तार नव्याने न्यावी लागते. आत पाणी शिरून फेज त्या धातूला लागला, तर अर्थ त्याला जमिनीत वाट देतो आणि आरसीसीबी लगेच पडतो. अर्थ नसेल, तर ते धातूचे अंग कोणाचा तरी हात लागेपर्यंत जिवंत राहते. एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असलेल्या, दुहेरी आवरणाच्या प्लॅस्टिक दिव्याला अर्थ लागत नाही. बाकी सगळ्यांना लागतो.

अंगणातला अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे घरातल्या एकाला तरी ठाऊक असावे. नव्या फरशीखाली तो कित्येकदा गाडला जातो. माती कोरडी पडली की अर्थिंग दुबळे होते, म्हणून उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे.

पावसाला खालून वाट

बंगळूरला पाऊस एका दमात येऊन जात नाही. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या सरी, मग नैऋत्य मोसमी पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोरदार संध्याकाळी. बाहेरची तार म्हणून आयएसआय खुणेच्या पीव्हीसी पाइपातून न्यावी. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार योग्य. जोड उघड्यावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवू नये. झाकणबंद जोडपेटीत कनेक्टर लावूनच तो करावा.

तार दिव्यात किंवा पेटीत वरून शिरू देऊ नये. ती आधी थोडी खाली लोंबू द्यावी आणि मग खालून आत घ्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली टपकते. दिव्याचा तळ आणि भिंत यांच्यामधली फट वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बुजवावी, खालची बाजू उघडी ठेवावी. चारी बाजू बंद केल्या तर आत गेलेले पाणी आतच राहते.

रात्रीची परीक्षा

वीज सुरू केल्यावर पहिले अर्धे ते एक मिनिट सेन्सर तयार होत असतो. तेवढ्यात दिवा पेटला आणि विझला तर घाबरू नये. त्याच्या खाली दोन किंवा तीन छोटे खटके असतात. एक वेळेचा, एक उजेडाचा आणि काहींवर तिसरा पल्ल्याचा. दिवसा चाचणी घेताना उजेडाचा खटका सूर्याच्या चिन्हाकडे आणि वेळेचा सर्वांत कमीवर ठेवावा. घरातल्या एकाने फाटकातून, दुसऱ्याने बाजूच्या बोळातून चालून यावे आणि दिवा कुठे पेटतो ते पाहावे. मग तोंड थोडे इकडेतिकडे वळवून ठीक करावे.

अंधार पडल्यावर उजेडाचा खटका चंद्राच्या चिन्हाकडे वळवावा. वेळ एक ते दोन मिनिटे पुरे. आजी-आजोबांना कुलूप काढून, चपला सोडून आत यायला जास्त वेळ लागत असेल, तर तेवढा वाढवावा. वायरमन जाण्यापूर्वी त्याच्यासमोर आरसीसीबीचे बटण दाबून पाहावे आणि फेज व अर्थ यांच्यामधला दाब मीटरवर दाखवायला सांगावे. तो फेज आणि न्यूट्रलमधल्या दाबाइतकाच जवळपास आला पाहिजे.

विजेच्या बिलाचे म्हणाल, तर २० वॅटचा दिवा रात्रीचे बारा तास जळला तर महिन्याला ७.२ युनिट होतात. जुना ६० वॅटचा बल्ब तेवढाच वेळ जळला तर २१.६. सेन्सरमुळे दिवा रोज सगळा मिळून एक तास जळला, तर महिन्याला ०.६ युनिट. सेन्सर स्वतः घेतो ती वीज अगदी थोडी असते.

उजेड आणि शेजार

उजेडाने गुन्हे कमी होतात का? न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही वसाहतींच्या आवारात प्रखर दिवे लावून हे तपासले गेले आणि तिथले रात्रीचे, उघड्यावरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पण तो प्रयोग माणसांचा वावर असलेल्या मोठ्या आवारांतला होता. एकट्या घराच्या दिव्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो पेटलेला पाहून कोणीतरी खिडकीतून डोकावते. दिवा दाराच्या कडीची आणि कुलपाची जागा घेत नाही.

आणि डोकावणारा तो कोणीतरी बहुधा शेजारीच असतो. तेव्हा झोत त्यांच्या झोपायच्या खोलीत जाणार नाही असा दिवा खाली झुकवावा. दिवा लावल्यावर एकदा त्यांच्या अंगणात जाऊन तो कसा दिसतो हे पाहून यावे, आणि गावाला जाताना त्यांना सांगून जावे. मध्यरात्री दिवा पेटला तर कोणीतरी उठून पाहणारे असेल, आणि पहाटे त्याच दिव्याखाली ओल्या पायरीवर रांगोळी काढणारीला भिंतीवरच्या तारेची काळजी वाटणार नाही.